माशाची कातडी आणि माणसाची जखम

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात पालकभेटीच्या दिवशी माझे आई-बाबा आणि आजी जबलपूरला आले होते. आमची आजी करमाळ्याची. गळ्यात तुळशीची माळ आणि दर आषाढीला पंढरपूर ठरलेले. इथे आल्यावर नर्मदामाईचे दर्शन घेतल्याशिवाय परत जायचे नाही, असा तिचा हट्ट होता. म्हणून आउटपास मिळताच मी सगळ्यांना ग्वारीघाटावर घेऊन गेलो. दुपारचे दोन वाजले होते. आजीने घाटाच्या वरच चपला काढून ठेवल्या. आम्ही तिघे तापलेल्या पायऱ्यांवरून उड्या मारतच खाली उतरलो. आजी मात्र सावकाश, पूर्ण पाऊल टेकवत उतरली. मला तिचे कौतुक वाटले. खाली बसून तिने कणकेच्या गोळ्या पाण्यात टाकल्या आणि मासे गोळा झालेले बघून ती लहान मुलीसारखी हसली.

आजीला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. त्या दुपारी तिच्या पायाला चटका बसला होता, पण तो तिला जाणवलाच नव्हता. फोड आला, फुटला, आणि तिने अकरा दिवस कोणाला काही सांगितले नाही. मे महिन्यात मी सुट्टीवर घरी पोचलो तेव्हा ती सोलापूरच्या एका रुग्णालयात होती. तिच्या उजव्या पायाची करंगळी कापावी लागली होती.

जखम शिवलेली नव्हती, उघडीच होती. मी डॉक्टरांना विचारले, "टाके का नाही घातले?" ते म्हणाले, "आत जंतू होते. वरून शिवून टाकली असती तर आत पू साठला असता. ही जखम तळापासून भरत वर यायला हवी." भरायला फार वेळ लागला तर काय करायचे, असे काकांनी विचारले. डॉक्टरांनी दोन-तीन उपाय सांगितले आणि शेवटी म्हणाले, "परदेशात अशा जखमेवर माशाची कातडीसुद्धा लावतात."

आजी पलंगावरून म्हणाली, "ज्यांना मी गोळ्या घातल्या, त्यांचीच कातडी माझ्या पायाला?"

कोणीच उत्तर दिले नाही. मलाही देता आले नाही. म्हणून सुट्टीत आणि परत आल्यावर वाचनालयात मी या विषयावर जमेल तेवढे वाचले. जे समजले ते या लेखात मांडत आहे.

जखम भरते कशी?

त्वचा हा आपल्या शरीराचा सर्वांत मोठा अवयव आहे. मोठ्या माणसाची सगळी त्वचा पसरली तर साधारण दीड ते दोन चौरस मीटर होईल. तिचे दोन मुख्य थर असतात. वरचा पातळ थर पाणी आत धरून ठेवतो आणि जंतूंना बाहेर अडवतो. खालचा जाड थर त्वचेला बळकटी देतो. हा खालचा थर मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेला असतो. खाटेच्या सुंभासारखी त्याची वीण असते आणि त्या विणीत पेशी व रक्तवाहिन्या राहतात.

जखम झाली की शरीर चार कामे करते. आधी रक्त गोठवून गळती थांबवते. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. सूज आणि लाली येते ती याच वेळी. तिसऱ्या टप्प्यात तळातून लालसर, दाणेदार मांस वर येते आणि कडेने नवी त्वचा आत सरकू लागते. शेवटी कित्येक महिने धाग्यांची वीण घट्ट होत राहते. एवढे होऊनही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोचते.

मधुमेहात ही कामे अडकतात. पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालतो. रक्तपुरवठा कमी असतो आणि वाढलेल्या साखरेमुळे पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. जखम दुसऱ्या टप्प्यातच अडकून राहते, पुढे सरकत नाही. आजी त्या तापलेल्या दगडांवर शांतपणे कशी चालली, हे मला हे वाचल्यावर कळले. मी ज्याचे कौतुक करत होतो ते तिच्या आजाराचे लक्षण होते.

कातडी आणायची कुठून?

जखम मोठी असली की ती झाकावी लागते. उघड्या जखमेतून पाणी जाते आणि जंतू आत येतात. मग झाकायला कातडी आणायची कुठून, हा जुना प्रश्न आहे.

पहिले उत्तर म्हणजे स्वतःचीच. याची एक प्रसिद्ध हकिकत आपल्या पुण्यातली आहे आणि ती सैन्याशी जोडलेली आहे. इंग्रज सैन्यात कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान होता. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्यात वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ही हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

आजही स्वतःची त्वचा हाच सर्वांत चांगला उपाय मानतात, कारण शरीर तिला परकी समजत नाही. बहुतेक वेळा मांडीवरून पातळ थर काढतात. पण त्यामुळे मांडीवर दुसरी जखम होते. आणि माणूस खूप भाजलेला असेल तर काढायला चांगली कातडी उरलेलीच नसते.

दुसरे उत्तर म्हणजे दुसऱ्या माणसाची. नेत्रदानासारखे त्वचादानही करता येते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या आणि पाठीवरून फक्त वरचा पातळ थर काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये ठेवून थंड जागी साठवतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली अशी त्वचापेढी सुरू झाली. आपल्या सैन्यदलांची पहिली त्वचापेढी जून २०२४ मध्ये दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटल (रिसर्च अँड रेफरल) येथे सुरू झाली. दुसऱ्याची त्वचा दोन-तीन आठवड्यांनी शरीर नाकारते, पण तेवढ्या काळात रुग्णाचा जीव सावरतो. अडचण एवढीच की दान करणारे फार कमी आहेत.

तिसरे उत्तर मला सर्वांत आवडले, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातले आहे. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून पाहिली आणि १९८५ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरली. २००३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केळीचे पान बटाट्याच्या सालीइतकेच उपयोगी आणि त्याहून स्वस्त ठरले. पान गुळगुळीत असल्याने जखमेला चिकटत नाही. मलमपट्टी बदलताना कापूस किंवा जाळी ओढली की भरत आलेली जखम पुन्हा सोलते आणि प्रचंड दुखते. ज्याचे ढोपर फुटले आहे आणि ज्याने वाळलेली पट्टी ओढून काढली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. अर्थात या साली आणि पाने निर्जंतुक करूनच वापरली होती. कोणी घरी प्रयोग करू नये.

मासाच का?

प्राण्यांची कातडी वापरण्याची कल्पना नवी नाही. डुकराची त्वचा अनेक वर्षे वापरली जाते. पण डुक्कर आणि गाय हे आपल्यासारखेच सस्तन प्राणी. त्यांच्यातले काही विषाणू माणसात येऊ शकतात. तो धोका घालवण्यासाठी त्या कातडीवर कडक रासायनिक प्रक्रिया करावी लागते आणि त्यात कातडीतले चांगले घटकही नष्ट होतात. शिवाय ज्यांच्या धर्मात हे प्राणी निषिद्ध किंवा पूज्य आहेत, त्यांना ती कातडी चालत नाही.

आइसलँड हा थंड समुद्रातला छोटा देश. तिथे कॉड मासा मोठ्या प्रमाणात पकडतात. मांस खाल्ले जाते आणि कातडी उरते. इसाफ्योर्दुर नावाच्या बंदरातल्या केरेसिस या कंपनीने त्या कातडीपासून जखमेवर लावण्याचा पापुद्रा तयार केला. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली. थंड पाण्यातल्या या माशाकडून माणसाला विषाणूजन्य आजार होतो असे आढळलेले नाही, त्यामुळे कातडीवर सौम्य प्रक्रिया पुरते. आधी खवले काढतात. मग माशाच्या सगळ्या पेशी धुऊन टाकतात, कारण शरीर भांडते ते परक्या पेशींशी. उरते ती कोलॅजनची सच्छिद्र जाळी आणि तिच्यातले ओमेगा-३ हे स्निग्ध घटक. ही जाळी गोठवून सुकवतात आणि निर्जंतुक करून पाकिटात भरतात. शस्त्रक्रियेच्या वेळी ती पाण्यात भिजवून, जखमेच्या मापाने कापून बसवतात.

पुढचे काम रुग्णाचे शरीर करते. त्याच्या पेशी जाळीच्या छिद्रांत शिरतात, तिथे रक्तवाहिन्या वाढवतात आणि हळूहळू माशाची वीण मोडून स्वतःची वीण घालतात. मांडवावर कारल्याचा वेल चढतो तसेच हे आहे. मांडव आपण घालतो, वाढतो तो वेल. माणसाच्या पायावर माशाचे कातडे कायमचे उगवत नाही, हे मला आजीला सांगायचे होते.

ब्राझीलमधली पद्धत थोडी वेगळी आहे. फोर्तालेझा शहरातल्या डॉक्टरांनी भाजलेल्या रुग्णांवर तिलापिया माशाची कातडी वापरली. हा मासा उजनी धरणातही भरपूर मिळतो; आमच्याकडे त्याला चिलापी म्हणतात. तिलापियाची कातडी निर्जंतुक करून पट्टीसारखी चिकटवतात. ती बरेच दिवस तशीच राहते आणि खाली नवी त्वचा आली की काढून टाकतात. इथे मासा शरीरात मिसळत नाही, फक्त पांघरूण होतो. पण रोज मलमपट्टी बदलण्याच्या यातना वाचतात. डिसेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या जंगलात मोठा वणवा लागला. त्यात दोन अस्वलांचे पंजे भाजले. पशुवैद्यांनी त्यांच्या पंजांवर तिलापियाची कातडी शिवली आणि जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही अस्वले परत जंगलात गेली. अस्वलाला रोज पट्टी बदलायला बसवता येत नाही, म्हणून तिथे मासाच कामी आला.

सैन्यालाही यात रस आहे. रणांगणावर भाजणे आणि स्फोटाच्या जखमा नेहमीच्याच. तिथे फ्रिज नसतो. पाकिटातून काढून भिजवले की लावता येईल असे आवरण तिथे उपयोगी पडेल. म्हणून अमेरिकी सैन्याच्या शस्त्रक्रिया संशोधन संस्थेनेही भाजलेल्या जखमांवर माशाच्या कातडीचे प्रयोग केले आहेत.

आकडे काय सांगतात?

आमचे विज्ञानाचे सर नेहमी सांगतात, "चमत्कार ऐकला की आधी आकडे विचार." म्हणून आकडे पाहू.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८१ स्वयंसेवकांच्या हातावर प्रत्येकी दोन, अशा एकूण १६२ छोट्या जखमा मुद्दाम करण्यात आल्या. प्रत्येक जखम ४ मिलिमीटरची होती. काहींवर माशाची कातडी लावली, काहींवर डुकराच्या आतड्यापासून केलेला पापुद्रा. माशाच्या कातडीखालच्या जखमा लवकर भरल्या. पण ही माणसे निरोगी होती.

आजीसारख्या रुग्णांवरचा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातल्या २५५ मधुमेही रुग्णांच्या पायाच्या खोल जखमा त्यात होत्या. नेहमीच्या उपचारांनी १६ आठवड्यांत साधारण २६ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या. माशाची कातडी लावलेल्यांपैकी ४४ टक्के रुग्णांच्या भरल्या.

हा फरक मोठा आहे. पण तेच आकडे उलटे वाचून बघा. माशाची कातडी लावूनही १०० पैकी ५६ रुग्णांच्या जखमा १६ आठवड्यांत भरल्या नाहीत. जखमेत जंतू असतील, पायाला रक्त पोचत नसेल, साखर वाढलेली असेल किंवा रुग्ण त्या पायावर चालत असेल, तर वर कोणतीही कातडी घातली तरी ती टिकत नाही. जमीन न नांगरता मांडव घालून काय उपयोग? शिवाय हे पापुद्रे महाग असतात आणि ज्यांना माशांची ॲलर्जी आहे त्यांना ते चालत नाहीत.

आजीचे उत्तर

हे सगळे मी आजीला सांगितले. ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला जवळ बोलावले आणि विचारले, "त्या माशाला कातडीसाठी मारतात का?"

मी म्हणालो, "नाही. खाण्यासाठी पकडलेला असतो. कातडी उरते ती वापरतात."

ती म्हणाली, "मग पाय वाचणार असेल तर लावा. माळ गळ्यात आहे, ती मला समजून घेईल. पण जे काही लावाल ते मला विचारून लावा. झोपेत लावू नका."

मी हे डॉक्टरांना सांगितले. ते हसले नाहीत. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचे. कोणत्या प्राण्यापासून काय बनवले आहे हे रुग्णाला आधी सांगायलाच हवे."

शेवटी माशाची कातडी लागलीच नाही. डॉक्टरांनी जखम पुन्हा पुन्हा साफ केली. इन्सुलिनने साखर आटोक्यात आली. आजीने चार महिने त्या पायावर भार टाकला नाही. तिच्यासारख्या बाईला हे किती कठीण गेले असेल! त्या वर्षीची वारी चुकली. एकादशीच्या दिवशी ती खिडकीत बसून दिवसभर टाळ वाजवत होती, असे काकूने फोनवर सांगितले. ऑगस्टमध्ये जखमेच्या तळाशी लाल दाणे दिसू लागले आणि दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा तिथे गुलाबी, चकचकीत कातडी होती. तिची स्वतःची.

मित्रांनो, केळीचे पान असो, दान केलेली त्वचा असो की आइसलँडचा मासा, ही सगळी आवरणे जखमेला फक्त सावली आणि आधार देतात. जखम भरते ती शरीर. आपले काम त्याच्या वाटेतले अडथळे काढण्याचे. आणि सगळ्यांत स्वस्त काम म्हणजे जखम होऊ न देणे किंवा झाली तर त्याच दिवशी बघणे.

रूट मार्चवरून आल्यावर उस्ताद आपल्याला बूट-मोजे काढायला लावतात आणि प्रत्येकाचे तळवे बघतात. पूर्वी मला त्याचा कंटाळा यायचा. आता येत नाही. ज्यांच्या घरी मधुमेही आजी-आजोबा आहेत त्यांनी ही तपासणी घरीही सुरू करावी. तळव्याखाली आरसा धरला की वाकावे लागत नाही. अनवाणी चालू देऊ नये, देवाच्या दारातसुद्धा नाही. तापलेली फरशी आधी आपल्या हाताने तपासावी.

दर रविवारी फोनची वेळ मिळाली की मी आजीला पहिला प्रश्न विचारतो, "आजी, पाय बघितलास का?"

ती म्हणते, "बघितला रे बाबा. तुझा बघितलास का?"